खाम नदी एका दिवसात कशी पाहावी: पूल, दरवाजे आणि नहरी

अंबाजोगाईच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळीच्या सुट्टीत आई-वडील आणि आर्किटेक्चर शिकणारी मुलगी यांच्यासह छत्रपती संभाजीनगरला येण्याचा त्यांचा बेत आहे. वेरूळ आणि अजिंठा पाहून झाल्यावर एक दिवस हाती उरतो. त्या दिवशी खाम नदी आणि तिच्या काठचे जुने दरवाजे पाहावेत असा मुलीचा आग्रह आहे, तर शहरातले नातेवाईक म्हणतात की खाम म्हणजे नाला, तिथे पाहण्यासारखे काय असणार. तेव्हा नदी पाहण्याजोगी आहे का, असल्यास सुरुवात कोठून करावी, वेळ कोणती बरी आणि सत्तरीच्या पुढच्या माणसांना हे झेपेल का, असे त्यांनी विचारले आहे. या नदीकाठाने लोकांना फिरवण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आलो असल्याने उत्तर जरा सविस्तर देतो.

नातेवाइकांचे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही. नदी म्हटल्यावर घाट, निर्मळ पाणी, नाव आणि संध्याकाळची आरती असे चित्र मनात धरून कोणी येथे आले तर त्याची निराशा होईल. शहरातून वाहणाऱ्या खामच्या पाण्यात हात घालू नये, हे मी प्रत्येकाला आधीच सांगून ठेवतो. परंतु मलिक अंबरने वसवलेले आणि पुढे मुघल व हैदराबादचे निजाम यांच्या काळात वाढलेले हे शहर नेमके येथेच का वसले, त्याची तटबंदी पश्चिमेला अशी का वळली, त्याला पिण्याचे पाणी कोठून मिळाले आणि वापरलेले पाणी कोठे गेले, हे समजून घ्यायचे असेल तर त्याची उत्तरे खामच्या काठावरच मिळतात. मकबरा आणि पाणचक्की ही ठिकाणे सुटी सुटी पाहून लोक परत जातात. ती दोन्ही एकाच नदीच्या खोऱ्यातल्या एकाच जलव्यवस्थेचे भाग आहेत, हे त्यांच्या लक्षात येत नाही. आपल्या मुलीला हे पाहायचे असेल तर तिचा आग्रह योग्य आहे.

प्रथम नदीची ओळख करून घ्यावी. खाम शहराच्या उत्तरेकडील जटवाड्याच्या डोंगररांगेत उगम पावते, हर्सूलच्या तलावात अडते, तेथून पुढे जुन्या शहराच्या पश्चिम कडेने बेगमपुरा, मकाई दरवाजा, पाणचक्की आणि बारापुल्ला असा प्रवास करीत छावणीत, म्हणजे लष्करी वसाहतीत शिरते, आणि त्यानंतर वाळूजच्या बाजूने दक्षिणेकडे जाऊन जायकवाडीच्या नाथसागरात गोदावरीला मिळते. शहराच्या पूर्वेला सुखना नावाची दुसरी नदी आहे. तिचा रस्ता वेगळा असून आपल्या एका दिवसाच्या फेरीत ती बसणार नाही. उत्तरेला सिह्याचल आणि जटवाड्याचे डोंगर, दक्षिणेला साताऱ्याचे डोंगर आणि मध्ये ही उतरती खोलगट जमीन, अशी येथील रचना आहे. उताराची दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे आहे, एवढी एक गोष्ट दिवसभर ध्यानात ठेवावी. पुढे जे जे दिसेल त्याचा बराचसा उलगडा या उताराने होतो.

खडकी नावाच्या गावाच्या जागी अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये शहर वसवले. १६२६ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा फतेहखान याने शहराला फतेहनगर असे नाव दिले, १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने औरंगाबाद केले, आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर हे नाव अधिकृत झाले. नावे बदलत गेली, तरी पाण्याची अडचण तीच राहिली. मराठवाड्यातल्या बहुतेक लहान नद्यांप्रमाणे खाम ही मुळात पावसाळी नदी. काळ्या बेसाल्ट खडकाचा प्रदेश, पाऊस बेताचा आणि तोही चार महिन्यांत पडून जाणारा. त्यामुळे लष्करासह मोठी वस्ती अशा नदीच्या उघड्या पाण्यावर वर्षभर तगवणे शक्य नव्हते. मलिक अंबरने नदीचे वरचे पाणी घेण्याचा नाद सोडून जमिनीखालचे पाणी धरले. शहराच्या उत्तरेला हर्सूल-सावंगीच्या बाजूला, नदीच्या वरच्या खोऱ्यात, मुरूम आणि खडकाच्या फटींतून झिरपणारे पाणी भूमिगत मार्गाने गोळा करून ते केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्याची जी योजना त्याने १६१७ च्या सुमारास केली, ती नहर-ए-अंबरी होय. पुढच्या काळात अशा आणखी नहरी झाल्या आणि त्यांतली एक पाणचक्कीची. ठराविक अंतरावर तपासणीसाठी आणि गाळ काढण्यासाठी मनहोल, पुढे भाजलेल्या मातीचे नळ, आणि वाटेत हवा व दाब मोकळा करण्यासाठी उभारलेले दगडी-चुन्याचे मनोरे, असा हा सगळा सरंजाम असे. म्हणजे खोऱ्याचे पाणी शहरात दोन वाटांनी येत होते: वरून नदी, खालून नहर. नदी शहराचे रक्षण करी आणि सांडलेले पाणी वाहून नेई. तहान भागवण्याचे काम नहरीकडे होते. माझ्या मते खाम पाहायला निघालेल्या माणसाने हा भेद डोक्यात घेऊनच घराबाहेर पडावे, नाहीतर त्याला फक्त दरवाजे दिसतील.

आता दिवस कसा आखावा ते सांगतो. नदी जशी वाहते तसेच आपण जावे, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे. बहुतेक पर्यटक उलटे करतात. रेल्वे स्थानकाकडून येऊन आधी पाणचक्की, मग मकबरा आणि मग घर, असा त्यांचा क्रम असतो. त्यात पाण्याची गोष्ट शेवटापासून वाचल्यासारखी होते. हर्सूलचा तलाव हा विसाव्या शतकातला, १९५० च्या दशकातला. तेथे थांबायचे ते थोडाच वेळ, पण थांबायचे जरूर, कारण धरणाच्या भिंतीवरून एकीकडे डोंगर आणि दुसरीकडे शहर अशी दोन्ही टोके दिसतात आणि उतार डोळ्यांनी कळतो. वाहन असेल तर सकाळी सातच्या आत पोहोचावे. दिवाळीच्या सुमारास, पाऊस ठीक झाला असेल तर, तलाव भरलेला असतो आणि हवाही चांगली असते. आई-वडिलांना हर्सूल गावातल्या हरसिद्धी मातेचे दर्शन घ्यायचे असेल तर ते याच वेळी उरकते.

हर्सूलहून शहराकडे येताना दिल्ली दरवाजा लागतो. याच परिसरात हिमायतबाग आहे. मुघल काळातील ही मोठी बाग आज कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राकडे असून तेथील जुनी झाडे आणि विहिरी पाहण्यासारख्या आहेत. समोरच्या सलीम अली सरोवराला पूर्वी खिजरी तलाव म्हणत. पक्ष्यांसाठी राखलेले हे पाणी असल्यामुळे आत हिंडण्याची अपेक्षा ठेवू नये. रस्त्यावरून जे दिसेल त्यावर समाधान मानावे. दिल्ली दरवाजापासून मकाई दरवाजापर्यंतच्या पट्ट्यात औरंगजेबाने १६९२ मध्ये किल्ला-ए-अर्क हा राजवाड्याचा परिसर उभारला. तेथे आज महाविद्यालय आहे, नव्या-जुन्या इमारतींची सरमिसळ झाली आहे, आणि वास्तूचे तुकडे शोधत हिंडण्यात सकाळ जाते. आपला एकच दिवस आहे, म्हणून मुलीने हे ठिकाण नकाशावर पाहून ठेवावे आणि पुढे निघावे. मात्र एक गोष्ट तिने नोंदवावी. बादशहाने आपला वाडा शहराच्या नेमक्या या उत्तर-पश्चिम कोपऱ्यात घेतला. नदीची आड आणि उंचावरून येणारे नहरीचे पाणी, अशा दोन्ही सोयी तेथे एकत्र मिळतात.

त्यानंतर बिबी का मकबरा. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिचा मृत्यू १६५७ मध्ये झाला आणि १६६० च्या सुमारास ही वास्तू पूर्ण झाली. स्थपती अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावे येथील दरवाजावर आहेत. ताजमहालाशी तुलना करून नाक मुरडण्याची जी पद्धत पडली आहे ती मला मुळीच पसंत नाही. तुलनेच्या नादात लोक समोर जे आहे ते पाहतच नाहीत. संगमरवर इजाऱ्यापुरता, म्हणजे भिंतीच्या खालच्या पट्ट्यापुरता, आणि घुमटाला आहे, मधला भाग बेसाल्टचा असून त्यावर चुन्याचा गिलावा आहे, आणि त्या गिलाव्यातील नक्षी ही दख्खनी कारागिरांच्या हाताची कमाल आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने येथे पाहायचे ते चारबागेतले पाटाचे पाणी, हौद आणि कारंजी. नदीच्या पलीकडच्या तीरावर, बेगमपुऱ्यात, तटाच्या बाहेर एवढी मोठी बाग आणि कारंजी चालवायची तर उंचीवरून दाबाने येणारे पाणी लागते, आणि ते डोंगराच्या पायथ्याकडून येत असे. मकबऱ्यामागे दिसणारी डोंगररांग ही नुसती पार्श्वभूमी नसून त्या कारंज्यांचा पाणीसाठाच होता, असे मी मुलांना सांगतो तेव्हा ती मागे वळून डोंगराकडे नीट पाहतात. याच डोंगरात औरंगाबादच्या बौद्ध लेणी आहेत. त्या अप्रतिम आहेत, विशेषतः सातव्या लेण्यातील आठ संकटांतून तारणाऱ्या अवलोकितेश्वराचे शिल्प, पण पायऱ्या चढाव्या लागतात. आई-वडिलांनी मकबऱ्याच्या बागेत सावलीला बसावे आणि मुलीने तासाभरात लेणी पाहून यावे, अशी विभागणी करता येईल. विद्यापीठाच्या बाजूला सोनेरी महाल आहे. आत राज्य पुरातत्त्व विभागाचे वस्तुसंग्रहालय आहे. वेळ उरलाच तर तेथे जावे.

मकबऱ्याकडून जुन्या शहराकडे परतताना बेगमपुऱ्यातून आपण मकाई दरवाजावर येतो, आणि खरी खाम येथून सुरू होते. या दिवसातला सर्वांत जास्त वेळ मी या टप्प्याला देतो. शहराची तटबंदी औरंगजेबाने १६८२ च्या सुमारास बांधली. दिल्ली दरवाजा उत्तरेला, जालना पूर्वेला, पैठण दक्षिणेला आणि मकाई पश्चिमेला, असे चार प्रमुख दरवाजे आणि त्यांच्याशिवाय कित्येक लहान; बोलण्यात बावन्न दरवाजे आणि बावन्न पुरे असा आकडा सर्रास येतो. पश्चिमेच्या अंगाला तटाबाहेर वेगळा खंदक खोदण्याची फारशी गरज पडली नाही, कारण खाम स्वतःच खंदकाचे काम करीत होती. म्हणून या बाजूचा प्रत्येक मोठा दरवाजा पुलाच्या तोंडाशी आहे. मकाई, महमूद आणि बारापुल्ला या तिन्ही ठिकाणी दगडी पूल आणि दरवाजा ही जोडी एकत्रच बांधलेली दिसते.

मकाई दरवाजापाशी आल्यावर थेट कमानीतून आत शिरू नये. पलीकडच्या, म्हणजे बेगमपुऱ्याच्या तीरावर थांबून दरवाजाकडे शत्रूच्या नजरेने पाहावे. दोन्ही बाजूंचे बुरूज, वरच्या चर्या, मारा करण्यासाठीच्या जंग्या आणि मधली टोकदार कमान. या सगळ्याचा रोख पुलावर आहे. सैन्य कितीही मोठे असले तरी पुलावर त्याला आखडून, रांगेने यावे लागणार, आणि दरवाजा बंद असेल तर तेथेच अडकून पडावे लागणार. पावसाळ्यात नदी भरली की दुसरीकडून उतरण्याची सोयही नाही. नंतर आत जाऊन देवडीची, म्हणजे पहारेकऱ्यांच्या बसण्याची जागा पाहावी. पुलाच्या खांबांकडेही लक्ष द्यावे. प्रवाहाच्या वरच्या बाजूला खांबांना टोक काढलेले असते, म्हणजे पुराचे पाणी दुभंगून कमानींत शिरते आणि खांबावर थेट आदळत नाही. आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलीला हे पुस्तकात ठाऊक असेल, पण तीनशे वर्षांहून अधिक काळ उभ्या असलेल्या आणि आजही वाहतूक पेलणाऱ्या बांधकामात ते पाहणे निराळे.

या वाहतुकीविषयी सावध केले पाहिजे. तिन्ही पुलांची रुंदी त्या काळच्या गरजेपुरती आहे, आणि आज तेथून रिक्षा, दुचाकी, शाळेच्या गाड्या यांचा लोंढा जात असतो. मध्येच घाटी रुग्णालय असल्याने रुग्णवाहिकाही असतात. कमानीत उभे राहून फोटो काढण्याचा मोह टाळावा. सकाळी नऊच्या आधी किंवा दुपारी दोन ते चारच्या दरम्यान ही जागा त्यातल्या त्यात मोकळी असते. सकाळचे सगळे आटपून येथे यायला दहा वाजणार असतील तर आई-वडिलांना रिक्षाने सरळ पाणचक्कीवर पाठवावे आणि चालण्याचे काम तरुणांनी करावे. मकाई दरवाजा ते महमूद दरवाजा हे अंतर चालण्याजोगे आहे, मात्र पदपथ सलग नाही.

पाणचक्कीत पोहोचल्यावर घाई करू नये. हे मूळचे बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांचे स्थान. दर्गा, मशीद, हौद, कारंजे आणि चक्की असा सारा परिसर खामच्या अगदी काठावर आहे. राज्य वक्फ मंडळाचे कार्यालयही याच आवारात आहे. चक्कीचे काम १७४४ च्या सुमारास पूर्ण झाले असे मानले जाते. डोंगराकडून काही किलोमीटरवरून मातीच्या नळांतून आणलेले पाणी येथे एका उंच भिंतीच्या माथ्यावर चढते आणि तेथून हौदात धबधब्यासारखे कोसळते. ते वर कसे चढते, असे प्रत्येक जण विचारतो. उगमाची पातळी या भिंतीच्या माथ्याहून उंच आहे आणि नळ बंदिस्त आहे. मग मध्ये कितीही खोलगट भाग आला तरी पाणी आपल्या मूळ पातळीच्या जवळपास पुन्हा चढणारच. पंप नाही, मोट नाही, बैल नाहीत. पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर खाली आडवे बसवलेले पात्यांचे चाक फिरते आणि त्याच्या आसाला जोडलेली वरची तळी, म्हणजे जात्याचा दगड, फिरते. येथे दळलेले पीठ दर्ग्याकडे येणारे यात्रेकरू, फकीर आणि गरीब यांच्या जेवणासाठी वापरले जाई. उन्हाळ्यात नहरीला पाणी कमी पडले तर हा प्रवाह क्षीण होतो. दिवाळीच्या सुमारास सहसा ती अडचण येत नाही.

मोठ्या हौदाभोवती लोक फोटो काढतात आणि निघून जातात. हौदाचा तळ हे खालच्या एका मोठ्या दालनाचे छत आहे, ही गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही. एवढ्या पाण्याचे वजन डोक्यावर घेऊन ते दालन जाड खांबांवर उभे आहे, आणि वर पाणी असल्यामुळे भर उन्हाळ्यातही ते गार राहत असे. खालचा भाग पाहण्यासाठी खुला असेल तर अवश्य पाहावा. नसेल तर रक्षकाशी हुज्जत घालू नये. आवारातल्या जुन्या वडाखाली आई-वडिलांना हवा तेवढा वेळ बसता येईल. हे चालते प्रार्थनास्थळ आहे, तेव्हा शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी येथे येऊ नये, दर्ग्याजवळ चपला काढाव्यात आणि डोके झाकावे, नमाज पढणाऱ्यांचे फोटो घेऊ नयेत. हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते.

पाणचक्कीच्या बाहेरच्या महमूद दरवाजाच्या पुलावर उभे राहिले की सकाळपासून जे पाहिले ते एका नजरेत येते. मागे नहरीचे पाणी चक्की फिरवून मोकळे झालेले, खाली नदीचे पात्र, आणि त्या पात्रात शहराचे सांडपाणी. पूर्वी पावसाळ्यानंतर कोरडी पडणारी खाम आज बारा महिने वाहताना दिसते, आणि ते मुख्यतः या सांडपाण्यामुळे. नातेवाईक ज्याला नाला म्हणतात तो हा. पण हे पाणी येते कोठून, हे पाहिले पाहिजे. शहराला आज पिण्याचे पाणी जायकवाडीहून, म्हणजे दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवरच्या नाथसागरातून पंपाने उपसून येते. ते घराघरांत वापरले जाते, आणि त्यातले बरेचसे या ना त्या रूपाने खामच्या खोऱ्यात उतरून पुन्हा त्याच नाथसागराकडे जाते. मलिक अंबरच्या काळी पाणी उत्तरेकडून उताराने, फुकट येत होते. आता ते दक्षिणेकडून, उताराच्या उलट दिशेने, वीज जाळून चढवावे लागते. शहर एवढे वाढले की नहरींवर भागणे अशक्य झाले, हे उघड आहे. तरीही मोठी बांधकामे, रस्ते आणि विंधन विहिरी यांनी नहरींचे मार्ग ज्या निष्काळजीपणे तोडले गेले त्याचे समर्थन मला करता येत नाही.

नदीची अवस्था सगळीकडे सारखी नाही, हेही सांगायला हवे. २०२० नंतर महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि उद्योगक्षेत्रातील काहींनी मिळून पात्रातला कचरा आणि राडारोडा काढण्याचे, काठ सावरण्याचे आणि झाडे लावण्याचे काम हाती घेतले. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या शहरांसाठीच्या रॉस सेंटर पुरस्काराच्या २०२३-२४ च्या अंतिम फेरीत या कामाची निवड झाली होती. छावणीकडच्या लोखंडी पुलाच्या परिसरात या कामाचा परिणाम सर्वांत ठळक दिसतो. तेथे काठाने चालता येते, बसता येते, आणि मुलांना सोडता येते. सांडपाणी पूर्णपणे थांबेपर्यंत नदी स्वच्छ झाली असे म्हणता येणार नाही, आणि एखाद्या मोठ्या पावसानंतर प्लॅस्टिक पुन्हा येऊन अडकते. तरीही काठ हा टाकून देण्याची जागा नसून वावरण्याची जागा आहे, असे येथील लोकांना वाटू लागले आहे, हा बदल मी डोळ्यांनी पाहिला आहे.

महमूद दरवाजाहून लोखंडी पुलाकडे जाताना वाटेत बारापुल्ला दरवाजा लागतो. तेथे पूल आणि दरवाजा यांचा तोच खेळ पुन्हा दिसतो, म्हणून तेथे मी फार रेंगाळत नाही. त्या ऐवजी भडकल दरवाजासाठी थोडी वाट वाकडी करावी. तो नदीवर नाही, पण १६१२ मध्ये मुघलांवरील विजयाच्या स्मरणार्थ मलिक अंबरने बांधलेला आहे, आणि त्याच्या कमानींची उंची-रुंदी पाहिली की मुघल दरवाजांची आणि निजामशाही दरवाजाची घडण किती वेगळी आहे ते मुलीच्या चटकन लक्षात येईल. नदीच्या पश्चिम तीरावरचे नागसेनवन, जेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय १९५० पासून आहे, तेही याच भागात येते. मराठवाड्यातल्या कित्येक घरांतला पहिला पदवीधर या परिसरातून बाहेर पडला आहे. त्या झाडीतून एक चक्कर मारायला माझी नेहमीच संमती असते.

जेवणाचे म्हणाल तर दुपारी जुन्या शहरात, गुलमंडी किंवा सिटी चौकाच्या बाजूला वळावे. मांसाहार चालत असेल तर नान-कलिया येथे खायचा. हा पदार्थ दुसरीकडे असा मिळत नाही. शाकाहारी मंडळींची सोय गुलमंडीवर उत्तम होते. मात्र दिवाळीच्या चार दिवसांत गुलमंडीवर वाहन नेण्याचा विचारही करू नये. गाडी दूर ठेवून रिक्षा करावी. छावणीचा आठवडी बाजार गुरुवारी भरतो, त्या दिवशी लोखंडी पुलाकडच्या रस्त्यांवर गर्दी असते. बाजार पाहण्याची हौस असेल तर गुरुवारच निवडावा, नसेल तर टाळावा. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, त्यामुळे नदीसाठी या दोहोंपैकी एखादा दिवस राखून ठेवला तर बाकीचे वेळापत्रक आपोआप बसते.

पायात बूट किंवा घट्ट सँडल असावेत, पाण्याच्या बाटल्या आपल्या आपण न्याव्यात आणि रिकाम्या परत न्याव्यात. अवकाळी पाऊस पडून गेला असेल तर पात्राच्या कडेला उतरू नये. डोंगर जवळ असल्यामुळे पाणी फार लवकर चढते आणि गाळ निसरडा असतो. हिवाळ्याच्या तोंडाशी उथळ पाण्यात शेकाट्या, ढोकरी आणि धोबी हे पक्षी सहज दिसतात, दुर्बीण असल्यास ठेवावी. सांडपाण्यातल्या किड्यांवर त्यांचे बरे चालते, त्यामुळे पक्षी दिसले म्हणजे पाणी चांगले, असा अर्थ कोणी काढू नये. काठच्या वस्त्यांत लोक राहतात, कपडे धुतात, स्वयंपाक करतात. फोटो काढण्यापूर्वी विचारावे. विचारले की बहुतेक जण चहासुद्धा पाजतात आणि गेल्या पुराचे पाणी कोठवर आले होते ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात. ही माहिती कोणत्याही फलकावर लिहिलेली नाही.

आई-वडिलांना झेपेल का, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे: हर्सूल, मकबरा, पाणचक्की आणि लोखंडी पूल ही चार ठिकाणे वाहनाने जोडली तर नक्कीच झेपेल. लेणी, दरवाजांमधले चालणे आणि भडकल हे मुलीसाठी ठेवावे. मात्र त्यांच्या मनात नदी म्हणजे स्नान आणि दर्शन असेल, तर ती हौस खामवर भागणार नाही. त्यासाठी दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर पैठण घ्यावे. अंबाजोगाईकडे बीडमार्गे जाताना वाट थोडी वाकडी होते, एवढेच. तेथे एकनाथ महाराजांची समाधी, नागघाट आणि गोदावरीचे पात्र आहे, आणि जवळच १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर आहे. धरणातून पाणी सोडलेले असेल तर घाटावरच्या पायऱ्यांची पातळी पाहून, स्थानिकांना विचारूनच पाण्यात उतरावे.